पाचवा पंखा बघायचा राहिला

३ मार्च, सोमवार
आत्याचं वायरिंगचं नवं काम माझ्याच शाळेत! आत्याने मुद्दाम आधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सकाळीच तुझं पोट दुखलं असतं, म्हणाली. खरंय.

४ मार्च, मंगळवार
दोन वर्षांनी हॉलमध्ये पाय ठेवला. वास तोच — खडू, ओली फडकी. जुने छोटे पंखे काढून टाकलेत. ते करकर करायचे, त्या आवाजात माझं न बोलणं खपून जायचं. आता पाच अजस्र पंखे लागलेत, एकेक पातं आत्यापेक्षा लांब. आमचं काम ते फायर अलार्मला जोडायचं. अलार्म वाजला की पंखे आपोआप बंद व्हायला हवेत. नाहीतर धूर हॉलभर पसरतो, आग विझवायला छतातून पडणारं पाणीही भलतीकडे उडतं.

तारा ओढत मागच्या कोपऱ्यात पोचले. माझी जागा. इथेच तोंडी परीक्षेला दातखीळ बसली होती. दुसऱ्या दिवशी शाळेत गेले नाही, तिसऱ्या दिवशी जायची लाज वाटली, मग जायचं राहूनच गेलं. तरी काय दिवस होते! शेजारी बसणारी चष्मेवाली तिच्या डब्यातलं अर्धं मला द्यायची, मी काही न बोलताही. शिडीवरच डोळे भरून आले. खालून आत्या — "वर झोप लागली का गं?"

६ मार्च, गुरुवार
पाचही जोडले. हात भरून आलेत.

७ मार्च, शुक्रवार
शाळा सुटल्यावर चाचणी. आत्या खाली ऑफिसात अलार्मपाशी, मी हॉलमध्ये फोन कानाला लावून. हे पंखे वीज तुटली तरी बराच वेळ नुसत्या वेगावर फिरतात. म्हणून एकेक पुरता थांबेपर्यंत बघत उभं राहायचं. समोरचे चार थांबले. पाठीमागच्या पाचव्याकडे वळणार, तोच दारात चष्मेवाली. आवाज कसला म्हणून बघायला आलेली. तू इथे काय करतेस, म्हणाली. मी खाली बघितलं. माझे मळके बूट. फोनवर आत्या विचारत होती, झाले का सगळे? मी हो म्हटलं. तिने खालून अलार्म बंद केला, पंखे परत सुरू झाले. आत्याने चाचणीच्या कागदावर सही केली.

८ मार्च, शनिवार
पाचवा मी बघितलाच नाही. थांबला असेल. असेलच ना? सोमवारपासून परीक्षा त्याच हॉलमध्ये. चष्मेवालीचीपण.

९ मार्च, रविवार
आत्याला सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. चाचणीचा कागद काढून सहीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "सही माझी. पण बघितलं नाहीस ते तू. मोठ्या सरांना तूच सांगायचं."

मुख्याध्यापकांसमोर मी आजवर चकार शब्द काढलेला नाही. म्हटलं, गुपचूप जाऊन तपासू. तर म्हणे, अलार्म काय गुपचूप वाजतो?

१० मार्च, सोमवार
पेपर आठला, आम्ही सातला दारात. आवाज फुटेना. तरी सांगितलं, सगळं. सर बघतच राहिले. "वर्गात कधी तोंड उघडलं नाहीस. आज परीक्षेच्या सकाळीच मुहूर्त सापडला?"

पण मुलांना मैदानात थांबवलं. अलार्म वाजला. चार थांबले. पाचवा फिरतच राहिला, झोकात. सर माझ्याशेजारीच उभे होते.

पाचव्याची तारा जोडायची डबी उघडली. स्क्रू मी तांब्यावर नाही, तारेच्या प्लास्टिकवरच आवळला होता. तार ओढून बघितली तर घट्टच लागते, म्हणून कळलं नाही. मीच सोलून पुन्हा बसवली. या खेपेला मान अवघडेपर्यंत वर बघत राहिले. थांबला!

पेपर अर्धा तास उशिरा. चष्मेवाली आत जाता जाता म्हणाली, तुझ्यामुळे माझा एक धडा वाचून झाला.

१४ मार्च, शुक्रवार
सरांनी बोलावलं. नव्या वर्षी परत ये, तोंडीचं आपण बघू, म्हणाले. दोन वर्षं हेच ऐकायची वाट बघत होते. उद्या सांगते, म्हटलं.

१५ मार्च, शनिवार
सरांना सांगायचं दिवसभर विसरूनच गेले. पुढचं काम एका गोदामात, आठ पंखे आहेत — तारा कुठून न्यायच्या तेच मनात चाललं होतं.