ओट्याच्या जागी खिडकी

रविवार, संध्याकाळ

अजून डोकं तापलेलंच आहे. सकाळी हे अन् मी भनपुरीला गेलो होतो. तिथला मिस्त्री आमच्या जुन्या मिनीबसची मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, करून देणार आहे. थंडीत विशाखापट्टणमहून समुद्राच्या काठाकाठानं पुरीपर्यंत जायचं आहे ना!

मिस्त्रीनं टेप काढला. पलंगासाठी यांना डोक्यापासून पायापर्यंत मोजलं. मग माझ्याकडे वळला अन् जमिनीपासून कमरेपर्यंतच मोजलं. मी विचारलं, माझं अर्धंच काहून? तर म्हणे, "दीदी, किचन का प्लेटफॉर्म आपके हिसाब से बनेगा ना." अन् हे बाजूला उभे राहून मान डोलवून राहिले होते!

कमरेपर्यंत. चौबे कॉलनीतल्या घरच्या ओट्यापाशी तीस वर्षं उभी आहे मी, अन् समोर काय, तर शेजाऱ्यांची भिंत. आता समुद्राकडे पाठ करूनही फोडण्याच देऊ?

तिथंच सांगून टाकलं, ओटा रद्द. त्या जागी मले खिडकी पाहिजे. चहाच्या वेळी पोट्ट्याचा पुण्याहून फोन. सगळं ऐकून विचारतो कसा, "मम्मी, फिर खाना कौन बनाएगा?" म्हटलं, ज्याले भूक लागेल तो.

उद्या खिडकीचं माप द्यायला एकटीच जाणार आहे. त्यानं पुन्हा कमरेशी टेप धरला तर? धरू दे. मी स्टूल मागून घेईन, त्यावर आरामात बसेन अन् सांगेन, भैया, आता जमिनीपासून डोळ्यांपर्यंत मोजा.