हात जोडलेली

सोमवार, ६ जानेवारी

आज कारखान्यात नवं काम आलं आणि माझं डोकं फिरलं. दोन्ही एकाच वेळी.

शेजारच्या शहरातली समिती आली होती. त्यांना त्यांच्या पहिल्या नगराध्यक्षाबाईंचा पुतळा हवाय — पूर्ण उंचीचा, ब्राँझचा, नगरपालिकेच्या दारात. समिती म्हणजे एक निवृत्त मास्तर, जे शेवटपर्यंत बोलले नाहीत, आणि बाईंचा पुतण्या, ज्यानं दुसऱ्या कुणाला बोलू दिलं नाही. पुतण्या या खेपेला निवडणुकीला उभा राहतोय. मतदानाच्या आधी अनावरण व्हायला हवं म्हणे.

मालक त्यांना थेट मागच्या खोलीत घेऊन गेले. तिथे आमची धडं असतात. बाहेरच्या माणसाला हे खरं वाटत नाही, पण इथे प्रत्येक पुतळा नव्यानं घडत नाही. धडांचे साचे तयार आहेत. बोट दाखवणारा. पुस्तकवाला. छातीवर हात ठेवलेला. पाऊल पुढे टाकलेला. गिऱ्हाइकानं धड निवडायचं, मी मातीत चेहरा करायचा, ओताऱ्यानं दोन्ही ओतून जोडायचं. ओतारी नेहमी म्हणतो, "डोकं बदललं की पुढारी बदलला. आपल्याकडे काय नि बाहेर काय."

पुरुषांची एवढी धडं, बाईचं मात्र एकच. आम्ही तिला 'हात जोडलेली' म्हणतो. डोक्यावर पदर, मान जरा खाली, पावलं जुळवलेली. एका मंत्र्याची आई तीच, एका शाळेच्या संस्थापिकाही त्याच, आणि गिरणीमालकाची बायको — तीही तीच.

पुतण्यानं तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "झालं की. काकूच."

मी तोंड उघडलं. मालकांनी डोळे वटारले. मिटलं.

मंगळवार, ७ जानेवारी

राग उतरला नाही. सकाळी देवापुढे बसलो तरी डोळ्यांसमोर ते जोडलेले हात. का उतरत नाही ते लिहून पाहतो.

या बाईंना मी पाहिलं आहे. आमच्या गावच्या शाळेत बक्षिसं वाटायला आल्या होत्या. मी सहावीत असेन. गाडी अगदी दाराशी लागली होती. आम्ही मुलं आत सतरंजीवर, मुली बाहेर ओसरीत — तसंच चालायचं, त्यात कुणाला काही वाटत नव्हतं. आम्हाला आत सोडलं तेव्हा बाई टेबलामागे उभ्याच होत्या. हेडमास्तरांनी हार पुढे केला. बाईंनी तो घेतला नाही. म्हणाल्या, "मुली आत येऊन बसेपर्यंत मी थांबते."

हेडमास्तर हसले. जागा नाही म्हणाले.

"मग मुलं बाहेर बसतील."

आणि खरोखर थांबल्या. टेबलावर दोन्ही तळहात टेकवून, आमच्याकडे बघत. कुणी खोकेना. शेवटी आम्ही सरकलो. सरकल्यावर कळलं, जागा होती.

त्या बाईची मान खाली? हात जोडलेले? कुणापुढे?

गुरुवार, ९ जानेवारी

फोटो आले. बहुतेक खुर्चीत बसलेले, टेबलामागचे, नाहीतर छातीपासून वरचे. पुतण्यानं फोनवर सांगितलंय — चेहरा प्रेमळ करा, आईसारखा. मी फोटो उलटेपालटे करून पाहिले. त्यात प्रेमळ काही सापडलं नाही. समोरच्यानं कागद वाचलेला नाही हे ज्याला कळलंय, अशा माणसाचा तो चेहरा आहे. मला फार आवडला.

मालकांना म्हटलं, ते धड चालणार नाही.

"का? काय वाईट आहे त्यात?"

"नगरपालिका चालवली हो त्यांनी. गटारं बांधून घेतली. बाजारात बायकांसाठी संडास बांधले तेव्हा लोकांनी दगड मारले, तरी हटल्या नाहीत."

"मग काय, हातात गटार देऊ?"

सगळे हसले. मीही हसलो, त्याचाच आता जास्त राग येतोय. पुरुषानं आयुष्यात बोट दाखवण्यापलीकडे काही केलेलं नसलं तरी त्याला बोट दाखवणारं धड मिळतं. बाईनं अख्खं शहर धुऊन काढलं तरी चौकात नमस्कार करत उभं राहायचं. येणाऱ्याजाणाऱ्याला. पावसापाण्यात. कायमचं.

शुक्रवार, १० जानेवारी

पुतण्याचा निरोप — हातात एखादं बाळ दिलं तर? बाईंना मूलबाळ नाही. देवा, माझी जीभ आवर.

रविवार, १२ जानेवारी

ठरवलं. छोटा नमुना घरीच करायचा, माझ्या मनातला. बाई निघाल्या आहेत — खोदलेल्या रस्त्यावरून, कामावर नजर टाकायला. मोठं पाऊल.

बायको भांडी आवरत होती. म्हटलं, जरा पाऊल टाकून उभी राहा.

"कसलं पाऊल?"

"ठेकेदाराला जाब विचारायला निघालेल्या बाईचं."

"पन्नाशी आली, आता मला चालायला शिकवताय!" पण उभी राहिली. पदर खोचला, पाऊल टाकलं आणि हनुवटी अशी वर केली की मीच ठेकेदार असल्यासारखं वाटलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही चालते कशी ते मी समोरून कधी पाहिलंच नव्हतं. ही नेहमी मागे असते.

माती लावत होतो तेव्हा म्हणाली, "बाई आहेत ना अजून?"

"आहेत. खूप थकल्यात."

"मग त्यांनाच विचारा की, कसं उभं राहायचंय ते."

मी सांगितलं, त्यांना आता काही समजत नाही, माणूस ओळखत नाहीत. पुतण्याच म्हणाला.

"पुतण्या म्हणाला," ही म्हणाली आणि पुन्हा भांड्यांकडे वळली.

खरं सांगायचं तर आमच्या धंद्यात विचारायची सवयच नाही. आमची गिऱ्हाइकं सगळी गेलेली. जे काही विचारायचं ते वारसांना.

बुधवार, १५ जानेवारी

नमुना मालकांपुढे ठेवला. त्यांनी हातही लावला नाही.

"धड तयार असताना नवं करायला सवड कुणाला आहे?"

"मी सुट्टीच्या दिवशीही येईन."

"प्रश्न तो नाही. बाईमाणूस असं ढांगा टाकत चाललेलं बरं दिसतं का चौकात?"

माझ्या तोंडून निघून गेलं — "मग चेहरा दुसऱ्या कुणाकडून करून घ्या." इतक्या वर्षांत असं कधी बोललो नव्हतो. ओताऱ्याच्या हातातली पक्कड तशीच राहिली. मालक म्हणाले, "म्हातारपणी शिंगं फुटलीत तुम्हाला. पुतण्याला दाखवतो. तो नाही म्हणाला की मुकाट हात जोडायचे. तिचे आणि तुमचेही."

घरी येताना वाटभर एकच विचार. या वयात दुसरीकडे कोण ठेवून घेईल मला? पण शब्द परत घ्यावासा वाटला नाही.

शनिवार, १८ जानेवारी

पुतण्या आला. मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो, चार वाक्यं पाठ करून. एकही लागलं नाही. त्यानं नमुन्याभोवती फेरी मारली, स्वतःच्या मांडीवर थाप मारली — "वा! काकू कशा धडधाकट दिसतात. हेच करा. हेच."

मग स्वतः नमुन्याशेजारी पाऊल पुढे टाकून उभा राहिला आणि फोटो काढून घेतला. पोस्टरसाठी. म्हणजे बाईंचं पाऊलही त्याच्याच कामी येणार. ओतारी माझ्या कानात — "याचंही धड घडवून ठेवू का? लागेलच कधीतरी."

मास्तर मात्र वाकून नमुन्याच्या पायांकडे बराच वेळ बघत होते. काहीतरी बोलणार होते. पुतण्या म्हणाला, "चला सर, उशीर होतोय." गेले.

जिंकलो. घरी हिला सांगितलं. म्हणाली, "बाई सोडून सगळ्यांचं ठरलं म्हणायचं."

मला ते लागलं.

सोमवार, ३ फेब्रुवारी

लोखंडी सांगाडा उभा राहिला, माती चढली. डावा पाय पुढे, सगळा भार त्याच्यावर, टाच रोवलेली. साडीच्या निऱ्या त्या पावलामुळे मागे उडाल्यात. इतकं चांगलं पाऊल आजवर माझ्या हातून झालं नव्हतं. अभिमान म्हणतात तो हाच असावा. देवापुढे तसं कबूल करून टाकलं.

ओतारी म्हणाला, "दार लावून घेत जा. चालत जातील बाई."

मंगळवार, ११ फेब्रुवारी

पुतण्या मालकांकडे बसला होता. त्याचा ड्रायव्हर बाहेर चहा पीत माझ्याशी बोलत होता. सहज म्हणाला, "काल म्हातारीनं मला असा झापला! गाडी दारात लावली म्हणून. म्हणे, बायकांनी रस्त्यानं जायचं कुठून? आणि साहेबांचं पत्रक वाचून म्हणाली, तुझ्या साहेबाला विचार, यातलं एक तरी काम त्यानं केलंय का."

मी विचारलं, "ओळखतात तुम्हाला?"

"मला? माझ्या आजोबापर्यंत ओळखतात."



म्हणजे बाई शुद्धीवर आहेत. चांगल्या शुद्धीवर आहेत. विचारलं तर नको ते सांगतील, म्हणून यानं त्यांना परस्पर वेड्यात काढलं. बाईला मेलेली ठरवायला मरणाची वाट बघावी लागत नाही, पुतण्या असला की पुरे. ज्या बाईनं शाळेतल्या मुलींना ओसरीतून आत आणलं, तिलाच यानं ओसरीत बसवलं. आणि दारात तिचा पुतळा!

घरी येऊन हे सगळं हिला मोठ्या आवाजात सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तो लबाड आहे, कबूल. पण तुम्ही तरी कुठे विचारलंत?"

उद्या ओतारी मातीवरून प्लास्टरचा साचा घेणार होता. एकदा साचा घेतला की माती खरवडून टाकायची. मग काही बदलता येत नाही. त्याला निरोप धाडला — एक दिवस थांब. दर्शन घेऊन येतो.

बुधवार, १२ फेब्रुवारी

बाईंच्या घरी गेलो. बाई खिडकीशी पेपर वाचत होत्या. चष्म्यावरून पाहिलं. मी कोण ते सांगितलं, शाळेचंही सांगितलं.

"सरकलात का मग?"

"सरकलो."

"हं. बसा."

फोनमधला पुतळ्याचा फोटो पुढे केला. त्यांनी फोन हातात घेऊन पाहिला. मग काठी ओढून घेतली आणि टेबलाला रेटून उभ्या राहिल्या. डाव्या पायाला मांडीपर्यंत लोखंडी पट्ट्या, खाली जाड तळाचा बूट. पाऊल टाकलं — म्हणजे पाय ओढला. लहानपणच्या तापात गेलेला.

"पहिल्या निवडणुकीत भिंतीभिंतीवर लिहिलं होतं, वासरांत लंगडी गाय शहाणी. मी पुसू दिलं नाही. त्याच भिंतीखाली सभा घेतली."

फोन परत देत म्हणाल्या, "माझा पाय मात्र छान बरा केलात हो तुम्ही."

उद्या सकाळी पहिलं काम. डावा पाय मोडायचा.