बसस्टँडवरचा फोटो, १२/०४

६ फेब्रु. २००६, सोम.
गेल्या वर्षाचे फोटो तारखेवार लावायला घेतले. दुकानात गिऱ्हाइकांच्या फोटोंच्या सीड्या अडून आहेत. सेल बदलले की कॅमेऱ्यात तारीख हातानं टाकावी लागते, ती मी कशी टाकली देव जाणे. इथलंच सेलूचं लग्न, अक्षय्य तृतीयेचं, ११ मे. कॉम्प्युटर म्हणतो ५ नोव्हेंबर. तुळशीचं लग्न लागायच्या आधी माणसांचं कोणी लावलं?

७ फेब्रु.
कळलं. कॅमेरा आधी महिना मागतो, मी आधी दिवस टाकला. ११/०५ मधला ११ त्यानं महिना धरला. पण दरवेळी नाही. काही लग्नं अगदी बरोबर तारखेला आहेत. म्हणजे कधी चुकलो, कधी नाही. धड अडाणीही नाही मी.

८ फेब्रु.
वर्धा बसस्टँडचे चार फोटो निघाले. नवे सेल टाकून सहज काढलेले. तिसऱ्यात, मागच्या बाकावर, दादा.

४ डिसेंबर २००५.

दादा जूनमध्ये घर सोडून गेला, तेव्हापासून पत्ता नाही. डिसेंबर खरा असेल तर जिवंत आहे, अन् माझ्यापासून दहा पावलांवर बसला होता. मी उलटं टाकलं असेल तर हा १२ एप्रिल. तेव्हा तो घरीच होता, कामाला रोज वर्ध्याला जायचा. मीही दर आठवड्याला जातो. कोणता दिवस, काहीच आठवत नाही.

९ फेब्रु.
दिवसभर तेच. अंगात फुलबाह्यांचा शर्ट. थंडीचा म्हणावा तर उन्हातही घालतातच. फाइलींच्या नंबरांवरून क्रम कळला असता, पण मी शहाण्यानं नंबर काढून नावं दिली. स्टँड १, स्टँड २. स्वतःचाच राग येतो.

वहिनीला सांगू का? रविवारी तिचा भाऊ येतोय, तिला अन् छकुलीला कायमचं नागपूरला न्यायला. दादा दिसला म्हटलं तर थांबेल. अन् एप्रिलचा निघाला तर…

१० फेब्रु.
सांगितलं. दुकानात बोलावून फोटो दाखवला, दोन्ही तारखा सांगितल्या. हा शर्ट घरी आहे का विचारलं, तर म्हणाली असे दोन होते, एक नेला. मग म्हणाली, "एप्रिलच धरा भाऊजी."

मी म्हटलं, काऊन? डिसेंबर असला तर दादा जिवंत हाये ना.

"मंग ते वर्ध्यापर्यंत आलते न् घरी नाई आले. तेवढं मले सोसनार नाई."

कॉम्प्युटर बंद केला.

१२ फेब्रु., रवि.
वहिनी गेली. फोटोची एक प्रत मागून घेतली. घर फार मोठं वाटतं.

१३ फेब्रु.
वर्ध्याला गेलो. स्टँडच्या चहावाल्याला फोटो दाखवला. पाहिल्यासारखा वाटतो म्हणाला. कधी, ते त्याला सांगता येईना. रोज इतकी माणसं येतात, त्याचं तरी काय चुकलं.

मग त्याच बाकावर बसलो. दादा जिवंत असावा, अन् फोटो एप्रिलचाच असावा, असं दोन्ही वाटतं. सेलूची बस लागली. चढलो नाही.