लाखेचं सील

३ मार्च, सोमवार
फोन गेला! माझ्या इस्त्रीच्या दुकानासमोर टेम्पोने सायकलवाल्याला उडवलं, ते मी फोनवर टिपलं — एवढाच माझा गुन्हा. हवालदार म्हणाला, "पुरावा आहे, ताई. पासवर्ड सांगून टाका. लपवण्यासारखं काय असणार तुमच्याकडे?" नाही सांगितला. फोन पाकिटात घातला, वर माझी सही, लाखेचं सील. फोडून परत लावायला लाख काय बाजारात मिळत नाही?

आहे लपवण्यासारखं! धाकट्या बहिणीचा नवा पत्ता. नवऱ्याच्या मारापासून पळालीय ती. सापडली तर तंगडी मोडीन म्हणतो. पत्ता फक्त मला माहीत — आणि त्या फोनला.

५ मार्च
वकीलबाई म्हणाल्या, "कोर्टाची परवानगी फक्त अपघाताच्या व्हिडिओपुरती. मेसेज, फोटो बघता येत नाहीत. बघितले तर त्यांच्याच अंगाशी येईल." मी मान डोलावली. कायदा राहतो पुस्तकात, हवालदार राहतो आमच्या गल्लीत.

६ मार्च
हवालदाराचा गणवेश इस्त्रीला आला. इस्त्रीआधी खिसे तपासायचे ही आमची रीत — पेन राहिलं तर डाग माझ्या माथी. आज जरा जास्तच तपासले, धाकटीचा पत्ता कुठे टिपून ठेवलाय का म्हणून. एक मळका रुमाल, बस्स. त्याने माझा फोन उघडू नये म्हणून जीव टाकतेय आणि स्वतः त्याचे खिसे उपसतेय! तरी लाज वाटली नाही.

८ मार्च
धाकटीचा नवरा आणि हवालदार कोपऱ्यावर चहा पीत होते. खिदळत होते दोघं. मला बघून मेहुणा म्हणतो, "काय ताई, बरं आहे ना?" एवढा गोड कधीपासून? उघडलाच मेल्यांनी फोन!

धाकटीला कळवायला हवं. दुसऱ्या कुणाच्या फोनचा भरवसा नाही. उद्या स्वतःच जाते.

९ मार्च, रविवार
गेले. "गाशा गुंडाळ, खोली बदल," म्हटलं. "ताई, तू उगाच धास्ती घेतेस," म्हणाली. दोघी रडलो. परतताना सारखी मागे वळून बघत होते.

१२ मार्च, बुधवार
कोर्टात माझ्यासमोर सील तोडलं. लाख शाबूत, सही शाबूत. पासवर्ड मीच टाकला. तेवढा एक व्हिडिओ उतरवून घेतला, बाकी कशाला हात नाही, आणि फोन मला परत दिला. हवालदार म्हणाला, "कुणी बोटसुद्धा लावलं नाही, ताई." मला मान वर करवेना.

संध्याकाळी
घरी येऊन नेट चालू केलं. धाकटीच्या घरमालकिणीचा मेसेज, रविवारचा — "तुम्ही गेलात आणि तिचा नवरा वर आला. तुमच्याच मागावर आला होता म्हणे. ओढत नेलं तिला. फोन का लागत नाही तुमचा?"