झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही

भुसावळ, २ मार्च १९९२

सुगत,

'चिरंजीव' लिहिण्याइतका राग अजून उतरलेला नाही.

९ फेब्रुवारीला रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी तुझ्या नॉर्वेतल्या घरावर नॉर्दर्न लाइट्स दिसले. तू आणि वैशालीने ते अंगणातून पाहिले. मी खिडकीशी कानटोपी घालून, रोजच्यासारखी त्यांचीच वाट पाहत बसले होते आणि माझा डोळा लागला होता. सकाळी सूनबाई म्हणाल्या, "आई, इतक्या गाढ झोपला होतात, उठवायचं जिवावर आलं."

शाळेत सिस्टर ॲग्नेसनी फळ्यावर रंगीत खडूंनी ते उत्तरेच्या आकाशातले झोत काढले, तेव्हापासून मला ते बघायचे होते.

वर तू म्हणालास, "झोपलेल्याला उठवायचं नाही, हे तूच शिकवलंस." शिकवलं. तुझे वडील रात्रभर इंजिन चालवून आले की क्वार्टरमध्ये आपण कुजबुजत बोलायचो. पण ड्यूटीचं बोलावणं घेऊन कॉलमन दारात आला की मी त्यांना हलवून उठवायचेच. गाडी कुणाच्या झोपेसाठी थांबत नसते.

"पुढच्या हिवाळ्यात ये," म्हणतोस. जळगावच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितलाय. पुढच्या हिवाळ्यात दिसेलच, असं ते म्हणत नाहीत. 'काचबिंदू' हा शब्द आला म्हणून आधीची दोन पत्रं टपालात टाकली नाहीत. यातही आलाच.

तरी ३१ मार्चच्या आत लेखी कळव: रंग कोणते होते, कोणत्या बाजूने आले, हलत होते का. अक्षर मोठं काढ. मला ते स्वतः वाचायचं आहे.

तुझी आई,
मंदाकिनी