बिनकोपऱ्याची भिंत

८ फेब्रुवारी, रविवार

सांगून टाकलं एकदाचं! जेवताना, सगळ्यांसमोर. सगळे म्हणजे बायको आणि लेक. "स्टुडिओचा हॉल सोडतोय. यापुढे साधेपणा. एक कॅमेरा, एक खिडकी, एक माणूस."

लेक म्हणाली, "माणूस कुठला?"

"म्हणजे मी."

"अच्छा."

बायकोने विचारलं, "आणि फोटो कुठे काढणार?" मी म्हणालो, घरातच. उत्तरेच्या खिडकीची खोली आहे की! वाढता वाढता तिचा हात थांबला. ती तिची शिवणाची खोली. दोन मशिन, कापडं बेतायचं मोठं टेबल, दुपारी शिकायला येणाऱ्या चौघीजणी. हे सगळं मला माहीत होतं, पण साधेपणाच्या भरात मला खोली रिकामीच दिसत होती. "सहा महिने फक्त," मी म्हणालो. "बघू," ती म्हणाली. मी ते 'हो' धरलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिच्या 'बघू'चा अर्थ 'हो' असा कधीच निघालेला नाही, हे आत्ता लिहिताना आठवतंय.

खरं कारण निदान इथे तरी लिहावं. काम कमी झालंय. लोक फोनवर फोटो काढतात. व्हिडिओही काढतात. वाईट काढत असते तरी चाललं असतं, चांगले काढतात! एवढ्या मोठ्या हॉलमध्ये मी एकटा स्टुलावर बसून दिवे पुसत असतो. पण 'काम नाही' म्हणण्यापेक्षा 'साधेपणा' म्हटलं की मान ताठ राहते.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

हॉलची आवराआवर. बायको मदतीला आली.

चौदा वर्षं ती इथे माझा डबा घेऊन आली, पण आत कधी आली नव्हती. दारातून शिरलं की चार पावलांवर जमिनीवर लाल चिकटपट्टी. पट्टीच्या पुढे सगळं पांढरं — जमीन पांढरी, भिंत पांढरी. माझा नियम होता: पट्टीच्या पुढे कोणी पाय टाकायचा नाही! डाग पडला की पुन्हा रंगवावं लागतं. ती बिचारी अलीकडे उभी राहायची, माझं काम थांबेपर्यंत थांबायची, डबा स्टुलावर ठेवायची आणि जायची.

आज पट्टी ओलांडून सरळ माझ्या भिंतीपाशी गेली. माझी भिंत! जमीन आणि भिंत जिथे भेटतात तिथे कोपराच नाही, नुसतं गोल वळण. फोटोत वाटतं, मागे जग संपतच नाही. गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून करून घेतली होती मी ती. बायकोने वळणावरून हात फिरवला. मला वाटलं, आता म्हणेल — काय कलावंत माणूस आहात! तर खिडकीपाशी गेली, माझ्या एका पडद्याची उसवलेली शिवण पाहिली, पर्समधून सुई काढली आणि दोरा ओवला. चष्म्याशिवाय!

"अहो, किती उजेड आहे इथे."

मी म्हणालो, "मग! जागा निवडायला नजर लागते." ती शिवत राहिली.

१५ फेब्रुवारी, रविवार

जाड्या आला. माझा जुना दोस्त, याच धंद्यातला. काडीसारखा आहे म्हणून जाड्या. माझे मोठे दिवे, स्टँड, पार्श्वभूमीच्या कागदाचे रोल, सगळं टेम्पोत घालून घेऊन गेला. जाताना म्हणाला, "अरे, तू ज्याला साधेपणा म्हणतोस ना, त्याला आमच्याकडे निवृत्ती म्हणतात."

हसलो. टेम्पो वळेपर्यंत हसत होतो, मग नाही आलं हसू.

१८ फेब्रुवारी, बुधवार

साधेपणासाठी नवीन सामान मागवलं. घडीचा दिवा, घडीचा स्टँड, घडीची पार्श्वभूमी, आणि या सगळ्या घड्या ठेवायला एक पेटी. पेटी दारातून आत येईना. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं!

२१ फेब्रुवारी, शनिवार

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. शेपूट म्हणजे भिंत. हॉलच्या मालकांचं म्हणणं, "तुमचं ते गोल प्रकरण मार्च संपायच्या आत फोडा आणि माझा कोपरा मला परत करा." किल्ली मात्र आजच घेतली त्यांनी. ती चौदा वर्षं माझ्या खिशात होती. सापडावी म्हणून तिच्या डोक्याला त्याच लाल पट्टीचा तुकडा गुंडाळला होता मी. दिवसभर हात खिशात जात होता.

१ मार्च, रविवार

स्थलांतर झालं. आधी म्हणालो होतो, अर्धीच खोली घेतो. मग दिव्याला जागा हवी. मग कॅमेऱ्याला मागे सरकायला जागा हवी. दुपारपर्यंत बेतायचं टेबल जेवणाच्या खोलीत गेलं, संध्याकाळी दोन्ही मशिन बाहेरच्या बोळात, जिथे खिडकीच नाही. बायकोने बल्ब लावला.

लेक जाता जाता म्हणाली, "भटाला दिली ओसरी..." पुढचं म्हणाली नाही. गरज नव्हती. मी पेटीवर हातपाय पसरूनच बसलो होतो.

६ मार्च, शुक्रवार

नव्या जागेतलं पहिलं गिऱ्हाईक! प्रेरणा देणारे एक वक्ते. टाय, सूट, दाट भुवया. व्हिडिओचा विषय — 'मोठा विचार करा'. खोली एवढीशी.

त्यांना सगळं आवडलं. "वा, किती साधं!" मी फुललो. मग रेकॉर्डिंग सुरू झालं. "मित्रांनो, मर्यादा मनात असतात!" म्हणून त्यांनी दोन्ही हात पसरले. उजव्या हाताने घडीचा दिवा पडला, डावा खिडकीच्या गजात अडकला. दुसऱ्यांदा हात न पसरता बोलले, तर बँकेत अर्ज द्यायला आल्यासारखे दिसले.

शेवटी मी कॅमेरा घेऊन मागे मागे सरकत बोळात गेलो. तिथून छान दिसत होते! "स्वप्नं बघा," ते म्हणाले, "आणि मग ऐका तुमचा आतला आवाज—" आणि माझा पाय मशिनच्या पेडलवर पडला. खडखडखडखड! पूर्ण एक टीप घातली मी हवेत.

वक्तेसाहेब सभ्य माणूस. हसले. पुढच्या वेळी फोन करतो म्हणाले. नंबर मागितला नाही.

११ मार्च, बुधवार

बायकोला मोठं काम मिळालंय. एका नाटकमंडळीचे रंगमंचाचे पडदे. घरभर जांभळं मखमली कापड! जेवणाच्या टेबलावरून सुरू होतं, खुर्च्यांवरून जातं, बोळात वळतं. आम्ही उभ्याने जेवलो. मी जरा उपदेशाच्या मूडमध्ये होतो. म्हणालो, "म्हणूनच सांगतो, माणसाने सुटसुटीत असावं. अंथरूण पाहून पाय पसरावेत."

"पाय नाही हो," ती म्हणाली, "पडदा पसरायचाय."

१३ मार्च, शुक्रवार

शिकायला येणाऱ्या चौघींपैकी दोघी यायच्या थांबल्या. बोळात बसून शिकता येत नाही म्हणे. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी नुसतं पुटपुटलो. लेकीचे कान तिखट.

"बाबा, अंगण तूच घेतलंस."

रागावलो तिच्यावर. मोठ्या माणसांशी असं बोलायचं नसतं वगैरे. ती मुकाट ऐकत राहिली, त्यामुळे मला बराच वेळ रागवावं लागलं.

१७ मार्च, मंगळवार

बूटवाल्याचं काम. एकच काळा बूट फिरत्या पाटावर, खाली बारीक संगीत, मालकाचा आवाज. एवढा चकचकीत बूट! खिडकीचा उजेड असा बसला त्याच्यावर, की मला पुन्हा जरा कलावंत असल्यासारखं वाटलं.

मध्येच बायको दारात. "अहो, मी म्हणत होते, एक जागा—" मी हात वर केला. रेकॉर्डिंग चालू होतं ना! ती गेली. मग विचारायचं राहिलं.

२० मार्च, शुक्रवार

हॉलच्या मालकांचा फोन. "भिंत फोडू नका. नवीन भाडेकरूला ती तशीच हवी आहे."

सुटलो, असं वाटायला हवं होतं. पण मी लगेच विचारलं, कोण? ती भिंत कोणाला हवी असणार? फोटोवाल्यालाच! कोणीतरी मोठा झालाय, मी लहान होत असताना. आणि माझ्याच भिंतीपुढे! मालक नाव सांगेनात. "कळेल हो," म्हणाले आणि हसले.

लगेच जाड्याला फोन लावला. "खरं सांग, हॉल तू घेतलास ना?"

"डोकं फिरलंय का तुझं? तुझे दिवे ठेवायला जागा नाही माझ्याकडे, गच्चीवर झाकून ठेवलेत."

म्हणजे जाड्या नाही. मग जास्तच लागलं. निदान ओळखीचा तरी असता.

२३ मार्च, सोमवार

हेरगिरी केली. या वयात! हॉलसमोर रस्त्याच्या पलीकडे उभा राहिलो, वर बघत. खिडक्या उघड्या. एका खिडकीत पातळ पांढरं कापड सोडलेलं! ऊन मऊ करायला. म्हणजे माणूस जाणकार आहे. वर जावंसं वाटलं. पण जाऊन म्हणणार काय? नमस्कार, मी साधेपणा?

घरी आलो तर बायको घरात नव्हती. हल्ली दुपारी नसते. कापड आणायला जात असेल.

२७ मार्च, शुक्रवार

बुटाचा व्हिडिओ नीट करायला घेतला. बुटाच्या टोकावर काहीतरी डाग दिसत होता. फिरता बूट थांबवला, चित्र मोठं केलं. आणखी मोठं केलं.

डाग नव्हता. चकचकीत चामड्यात खोली उमटली होती, आरशात उमटावी तशी. पुढे एक भलामोठा हात, पाचही बोटं ताठ. माझा. आणि त्याच्या मागे दारात बायको, अंगठ्याएवढी. गळ्यात माप घ्यायची फीत. तोंड अर्धवट उघडं, काहीतरी सांगायला आलेली. तिच्या मागे बोळातला तो पिवळा बल्ब.

बराच वेळ बघत बसलो. आयुष्यभर लोकांना म्हणत आलो, इकडे बघा, इकडे बघा. मी कुठे बघत होतो? लाज वाटली. विनोद करावासा वाटला आणि सुचला नाही, तेव्हा जास्त वाटली.

एवढासा डाग पुसायला दोन मिनिटं लागतात. नाही पुसला. बूटवाल्याला म्हणालो, पुन्हा चित्रित करून देतो.

२९ मार्च, रविवार

ठरलं. खोली तिला परत. मशिन आत, टेबल आत, मी बोळात! घडीचं सगळं घडी करून पेटीत, पेटी जाड्याच्या गच्चीवर. मनातल्या मनात भाषण तयार केलंय. सुरुवात: 'मी चुकलो.' मग थोडं साधेपणाबद्दल. मग मधे एक छोटासा थांबा, म्हणजे तिला डोळे पुसता येतील. दाढी करताना म्हणून पाहिलं. चांगलं झालंय, थोडं लांब आहे.

३० मार्च, सोमवार

भाषण केलं. लेक अर्ध्यातून उठून गेली. बायकोने शेवटपर्यंत ऐकलं. डोळे वगैरे काही पुसले नाहीत. म्हणाली, "खोली असू द्या तुम्हालाच. दुपारी माझा डबा तेवढा आणून द्या."

कुठे? तिने पर्समधून किल्ली काढून दाखवली. डोक्याला लाल पट्टी.

"सांगायलाच आले होते त्या दिवशी. तुम्ही हात वर केलात."

मला तरीही थोडी आशा होती. विचारलं, "भिंत मुद्दाम ठेवून घेतलीस?"

"हो तर! कोपरा नाही ना तिला, चिंध्या साठत नाहीत. झाडायला किती बरं!"

दुपारी गेलो. चौघीजणी परत आलेल्या, आणखी दोन नव्या. जांभळा पडदा त्या वळणावरून खाली सोडलेला, पांढऱ्यावर सगळीकडे पावलांचे ठसे, आणि खिडकीपाशी ती. चष्म्याशिवाय. मी डबा घेऊन पट्टीच्या अलीकडे उभा राहिलो. छान दिसतेस, असं म्हणणार होतो. तोंड उघडलं, तेवढ्यात मान वर न करताच तिने हात वर केला.

"थांबा हं जरा. दोरा ओवतेय."

थांबलो.