नरखेड तालुक्यातल्या नारळाच्या बागा

६ जानेवारी, सोमवार

नारळ! नरखेड तालुक्यात नारळ!

चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पान एक्केचाळीस — "रस्त्याच्या दुतर्फा नारळ व सुपारीच्या बागा असून स्थानिकांचा मुख्य व्यवसाय मासेमारी आहे." हा आमच्या राज्य महामार्गाच्या रुंदीकरणाचा अहवाल! बुटीबोरीपासून मध्यप्रदेशच्या हद्दीपर्यंत, एकशे अठरा किलोमीटर. कारखान्यांच्या शेड संपल्या की कोंढाळीकडचं सागाचं रान, मग काळ्या मातीतली कपाशी, मग संत्रा-मोसंबीच्या बागा, आणि शेवटी टेकड्याच टेकड्या. ह्यात मासेमारी कुठे करायची? विहिरीत?

उघड आहे. कोणीतरी कोकणातल्या रस्त्याचा जुना अहवाल उचलला, गावांची नावं बदलली आणि दिला चिकटवून. मी इंजिनिअर, पण माझ्याकडे आला तो फक्त मराठी तपासून सही करायला. विक्रम सरांना — आमच्या कंपनीचे मालक — नेऊन दाखवलं. ते हसले! "अरे, हे राहूनच गेलं. नारळाच्या जागी संत्रा टाका ना, चारुशीला मॅडम. बावीसला जनसुनावणी आहे, त्याच्या आत सही पाहिजे."

नारळाच्या जागी संत्रा. झालं काम!

७ जानेवारी

नारळ एकवेळ हसण्यावारी नेता येतील. पण प्रकरण सहा — "पावसाचे पाणी उताराने थेट खाडीत जात असल्याने किलोमीटर ८५ ते ९० दरम्यान मोऱ्यांची आवश्यकता नाही."

कोणती खाडी?? रस्ता दोन मीटर उंच होणार आहे. खालून पाणी जायला एक मोरी नाही. म्हणजे रस्ता नाही, धरणच बांधतोय आपण!

सरांकडे गाडी मागितली. "तिथे जाऊन काय पाहणार? सॅटेलाइटवर सगळं दिसते."

मग खाडी काहून नाही दिसली?

९ जानेवारी, गुरुवार

तीनदा मागितल्यावर गाडी मिळाली. सोबत ऑफिसचे ड्रायव्हर रुपराव. वाटेत म्हणाले, "अकरा वर्षं झाली मॅडम, मले रस्ता पाहाले कोनी नेलंच नाही. एअरपोर्ट अन् सरचं घर, एवढंच." रस्त्यांचे अहवाल करणारी कंपनी! ड्रायव्हरनं रस्ता पाहिलेला नाही!

किलोमीटर सत्त्याऐंशीला उतरलो. डावीकडे टेकडी, तिच्या पायथ्याशी बेचाळीस घरांची वस्ती, मग रस्ता. टेकडीवरचा नाला वस्तीला वळसा घालून जुन्या दगडी मोरीतून पलीकडे जातो. मी फीत घेऊन मोरीत उतरले तर कपाशी वेचून परतणाऱ्या एक बाई थांबल्या. प्रेमिलाबाई.

"काय मोजून राहिल्या बाई?"

रस्ता उंच होणार, मोठा होणार, सांगितलं. त्या खूश झाल्या. "बरं होईन. लेकरायले शाळेत जाले सोपं." मग मोरीकडे बोट केलं. "हे तं ठेवसान ना?"

मी फीत गुंडाळायला लागले.

त्यांनी हाताला धरून घरी नेलं. भिंतीवर कमरेइतक्या उंचीवर मातीचा पट्टा. "परसालचं पानी. मोरी होती म्हनून इथंच थांबलं. सासऱ्याले खाटेसकट उचलून शाळेत नेलं आमी. मोरी नसन तं पानी जाईन कुठी?"

मी पट्ट्याची उंची मोजून घेतली. निघताना त्यांनी पदरात मावतील तेवढी संत्री दिली. नारळ नव्हे!

१४ जानेवारी

चार मोऱ्या आणि एक लहान पूल. मोजमापं, फोटो, नकाशा, सगळं लावून प्रकरण सहा नव्यानं लिहिलं. सरांनी उघडलंसुद्धा नाही. "डिझाइन बदलावं लागेल, तारीख पुढे जाईल. तुम्हाला सही नसेल करायची तर तसं सांगा. दुसरं कोणी करेल."

सांगितलं. नाही करणार. आणि एवढं झाल्यावर तेच मला म्हणतात — तिळगूळ घ्या, गोड बोला!

१७ जानेवारी

माझं टेबल जिन्याखाली हलवलं. पंखा नाही, खिडकी नाही.

२२ जानेवारी, बुधवार

घरी आल्या आल्या लिहितेय.

जनसुनावणी एका मंगल कार्यालयात. अहवालावर दुसऱ्या कोणाची तरी सही. नारळ गेले होते, संत्री आली होती. खाडी मात्र तिथेच! सर मंचावर बसून वाचत होते. एवढ्यात मागून रुपराव आले आणि त्यांच्यामागे प्रेमिलाबाई आणि वस्तीवरच्या पाच बाया. सरांच्याच गाडीतून आणल्या होत्या! "सरले इथं सोडलं, गाडी रिकामीच होती," एवढंच म्हणाले मला.

बोलायची वेळ आली तेव्हा प्रेमिलाबाई उठल्या. "साहेब, आमच्या गावची खाडी कोठी हाये ते दाखवा. सत्तावन वर्सं झाली मले, दिसली नाही अजून."

हॉल खदखदून हसला. जिल्ह्याचे अधिकारी मात्र हसले नाहीत. त्यांनी पान उघडलं, वाचलं, विचारलं — "जागेवर जाऊन पाहणी कोणी केली?" सर पाणी प्यायला लागले. मी उभी राहिले. सगळं सांगितलं. मोजमापं नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवली.

अहवाल परत. नव्यानं पाहणी. मोऱ्या आणि पूल धरल्याशिवाय मंजुरी नाही.

बाहेर प्रेमिलाबाईंनी माझे दोन्ही हात धरले. "तुमी नसत्या तं गेलो असतो वं बाई वाहून." मी पहिल्यांदाच रडले ह्या नोकरीत.

२३ जानेवारी

सरांनी राजीनामा मागितला. दिला. कारण लिहिलं — "खाडी न सापडल्यामुळे." रुपरावांनाही काढलं. ते म्हणाले, "रस्ता तं पाहून झाला मॅडम."

लाज नाही ह्या लोकांना! न पाहता लिहितात, न पाहता सह्या करतात, आणि खाली माणसं राहतात हे ध्यानातही नसतं!

२७ जानेवारी, सोमवार

सरांची मेल. मजकूर नाही, फक्त मूळ कोकणातला अहवाल जोडलेला. बारा वर्षांपूर्वीचा, माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षाचा. नारळ, सुपारी, मासेमारी, मोऱ्यांची आवश्यकता नाही, शब्दन् शब्द तोच. शेवटच्या पानावर "प्रत्यक्ष पाहणी व लेखन", आणि खाली माझी सही.

तेव्हाही सर अशीच एक जुनी फाइल देऊन "गावं बदला" म्हणाले होते. मी दोन दिवसांत बदलून दिली होती.

मी आजवर समुद्र पाहिलेला नाही.